शिल्लक सहाशे चाळीस फूट

आमच्या विमा संघातल्या एखाद्या कंपनीचे विमान पडू लागले, की ते पडणे बाकीच्या सभासद कंपन्यांच्या विमानांनी आपसांत वाटून घ्यायचे असते. संघाचे पूर्ण नाव लघु व प्रादेशिक विमान वाहतूकदार परस्पर विमा संघ. कार्यालय सोलापुरात, एका पतसंस्थेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. सभासद अकरा. मोठ्या कंपन्यांना आपले पडणे स्वतः सोसता येते. एकदोन विमाने असलेल्या कंपनीला ते जमत नाही, म्हणून हा संघ काढला.

पद्धत सोपी आहे. विमान पडू लागले की वैमानिक संघाला फोन करतो. फोन उचलला गेला, की विमान असेल तिथे थांबते. मी वाटप अधिकारी असल्याने उंची नोंदवून घेतो, ती बाकीच्या दहा सभासदांत सारखी वाटतो आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे पत्र पाठवतो. त्या कंपनीचे विमान पुढच्या फेरीत, प्रवाशांना सूचना देऊन, तेवढे फूट पडते आणि पुन्हा सरळ होते. नेहमीचे प्रवासी त्याआधी चहा संपवून घेतात. इकडे थांबलेले विमान तेवढेच फूट अलगद खाली येते. दहाही वाटे घेऊन झाले, की ते जमिनीला टेकलेले असते. अकरा वर्षांत आम्ही सहा विमाने अशी उतरवली आहेत.

मुदत तीन दिवसांची. तिसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत जे वाटले गेले नाही, ते मूळ विमानाच्या नावे परत जाते आणि त्याला ते एकट्यालाच पडावे लागते.

गेल्या वर्षी जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी दहा वीसला फोन आला. मांजरा हवाई सेवेची वैमानिक अश्लेषा दहिफळे बोलत होती. या कंपनीकडे एकच विमान आहे. बालाघाटच्या पठारावरच्या धावपट्टीकडे येताना त्याची दोन्ही इंजिने बंद पडली होती. आत चौदा प्रवासी होते आणि एक सहवैमानिक. तिचा आवाज शांत होता. तिने उंची सांगितली, आठ हजार सहाशे फूट. मी ती अर्जातल्या रकान्यात लिहिली. दहा वाटे, प्रत्येकी आठशे साठ फूट.

एका प्रवाशाने, ते वकील होते, विमानातूनच फोन करून त्या दिवशीच्या तारखेला हजर राहता न आल्याचा दाखला मागितला. मी तो लगेच पाठवला.

मंगळवारी सहा कंपन्यांनी वाटे घेतले, बुधवारी सकाळी उरलेल्या चार कंपन्यांनी. शेवटचा वाटा पावणेएक वाजता पूर्ण झाला. मी प्रकरण बंद केल्याचा कागद टाइप केला आणि डबा उघडला. तेवढ्यात फोन वाजला.

बाई म्हणाल्या, "संघाचं ऑफिस का? मी सुलभा दहिफळे, वाघझरीच्या पोस्टातून बोलते. पोस्टमास्तर. अश्लेषाची आई."

मी त्यांना सांगितले, की त्यांच्या मुलीचे विमान पावणेएकला उतरले आहे.

"कुठं उतरलंय?"

"जमिनीवर. कागदपत्रं पूर्ण झाली आहेत."

"कागद तुमच्यापाशी आहेत साहेब, विमान माझ्या डोक्यावर आहे. अजून सहाशे फूट तरी असंल. तुम्ही मोजलंय कुठून?"

मी अर्ज पुन्हा पाहिला. रकान्यावर छापले होते, धावपट्टीपासूनची उंची. आजवरची सहाही विमाने धावपट्टीच्या आसपास थांबली होती, त्यामुळे या छपाईने कधी अडचण केली नव्हती. हे विमान पठाराची कड गाठण्याआधीच, खालच्या खोऱ्यावर थांबले होते. खोऱ्यात वाघझरी आहे आणि वाघझरी धावपट्टीपेक्षा सहाशे चाळीस फूट खोल आहे. विमानाखाली काय आहे हे मी विचारले नव्हते. चूक माझी होती. तसे मी त्यांना सांगितले.

त्या म्हणाल्या, "चूक कुणाची ते शुक्रवारी बघू. उद्या सूर्य मावळायच्या आत काय करता ते बोला."

चार वाजता सभासदांची बैठक बोलावली. पाचजण आले, बाकीचे फोनवर होते. मी शिल्लक उंची सांगितली आणि प्रत्येकी आणखी चौसष्ट फूट घेण्याची विनंती केली. कोल्हापूरकडच्या दोन विमानांच्या कंपनीचे हुपरीकर उठले आणि त्यांनी नियम नऊ वाचून दाखवला. एका घटनेत एका सभासदाकडून एकदाच वाटा घेता येतो. हुपरीकर वाईट माणूस नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की दुसऱ्यांदा वाटा घेण्याची सवय लागली तर तिसऱ्यांदाही घ्यावा लागेल, आणि मग हा संघ राहणार नाही, नुसते पडणे राहील. त्यांच्या विमानातल्या एका आजोबांची कवळी मंगळवारच्या वाट्यात तुटली होती, तीही त्यांनी सोबत आणली होती. मतदान झाले. आठ विरुद्ध दोन मतांनी माझी विनंती फेटाळली गेली.

सगळे गेल्यावर मी नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले. ते चौतीस पानांचे आहे. एकविसाव्या पानावर नियम चौदा सापडला. थांबलेले विमान ज्यांच्यावर पडले असते, ते रहिवासीही संघाच्या संरक्षणाखाली येतात. म्हणून शिल्लक पडण्यात त्यांना स्वखुशीने वाटा घेता येईल. प्रत्येकी एकदा. पडणे अखंड असावे आणि जमिनीवर संपावे. हा नियम कधी वापरलेला नव्हता. मी सुलभाबाईंना फोन केला.

त्यांनी विचारले, "म्हंजे आम्ही पडायचं?"

"हो. राहत्या रहिवाशांनी."

 त्या म्हणाल्या, की निम्मा गाव ऊसतोडीला गेला आहे, तो मार्चशिवाय यायचा नाही. मागे राहिलेल्यांची पेन्शन आणि मनिऑर्डर त्याच वाटतात, त्यामुळे आकडा त्यांना पाठ होता. मोठी माणसे सत्त्याऐंशी, त्यात त्या स्वतः आल्या.

"उद्या सातला या. फॉर्म जास्तीचे आणा, आमची म्हातारी माणसं खाडाखोड करतात."

गुरुवारी सकाळी मी संघाच्या जीपने वाघझरीला पोहोचलो. हुपरीकर निरीक्षक म्हणून सोबत आले होते. विमान शाळेच्या मागच्या वावराच्या वर हवेत उभे होते, पांढरे, अजिबात न हलता. ज्वारी काढून झाली होती, त्यामुळे खाली धसकटे होती. सुलभाबाई शाळेसमोर टेबल टाकून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आदल्या संध्याकाळी त्यांनी घरोघर जाऊन नावे घेतली होती आणि हिशेबही करून ठेवला होता. शाळेचा स्लॅब अकरा फूट उंच. खाली दोन फूट कडबा पसरला, की पडणे नऊ फुटांचे. ज्यांना झेपेल त्यांनी स्लॅबवरून पडायचे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी ट्रॅक्टरची ट्रॉली आणि गादी, तिथे चार फूट. कडब्याला हुपरीकरांनी हरकत घेतली. मी नियम दाखवला. जमिनीवर काय पसरलेले असावे याबद्दल त्यात काही म्हटलेले नाही. मग त्यांनी स्वतःच्या टेपने उंची पुन्हा मोजली. ती बरोबर नऊ फूट भरली.

शिडीजवळचा एकजण म्हणाला, "साहेब, टेप घट्ट धरा. पडायचं आमचं आम्ही बघतो."

सुरुवातीला काही शंका आल्या. बापू सानप म्हणाले, की ते सोमवारीच दोनदा पडले आहेत, एकदा पारावरून आणि एकदा घरी, आणि दोन्हींना साक्षीदार आहेत. मी त्यांना सांगितले, की मागचे पडणे धरता येत नाही. ज्ञानोबा नावाच्या गृहस्थांनी विहीर सुचवली. तिचे पाणी चाळीस फुटांवर आहे आणि गावातल्या पोहणाऱ्यांनी सोळा उड्या मारल्या की काम झाले, असे त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. परंतु पाण्यात पडण्याला संघ पडणे समजत नाही. तसा जुना निर्णय आहे. ज्ञानोबांनी तो मागून घेऊन वाचला आणि कुणी दिला ते विचारले. मीच दिला होता.

पहिल्या पडल्या अंगणवाडीच्या विमलबाई. त्यांनी फॉर्मवर सही केली, पदर खोचला, शिडी चढल्या आणि खाली न पाहता वर विमानाकडे पाहून पडल्या. विमान नऊ फूट खाली आले. त्याचा आवाज झाला नाही. विमलबाई उठल्या, अंग झटकले आणि अंगणवाडी उघडायची आहे म्हणून निघून गेल्या.

त्यानंतर काम लागून गेले. सुलभाबाई नाव पुकारत, "या तात्या", "चला आत्या, तुमचा नंबर", माणूस सही करी, वर जाई आणि पडे. हुपरीकर टेपवर लक्ष ठेवीत, मी वेळ लिही. एक बाई सही करण्याआधीच शिडीवरून घसरल्या. ते पडणे वाया गेले असे हुपरीकरांचे मत पडले आणि ते बरोबर होते. मात्र तो वाटा धरलाच नसल्याने त्यांना पुन्हा पडण्याचा अधिकार राहतो, हेही त्यांनीच आपणहून सांगितले. त्या बाई पुन्हा चढल्या. दुपारपर्यंत दोन घोटे आणि एक मनगट दुखावले. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी पट्ट्या बांधल्या आणि आपला नंबर आल्यावर त्याही पडल्या.

बाराच्या सुमारास विमान इतके खाली आले, की दार उघडून उभा असलेला माणूस ओळखू येऊ लागला. ते वकील होते. ते हातवारे करून काही सांगत होते. दूर होते तोवर गावाला त्यांचा आदर वाटत होता. ऐकू येऊ लागल्यावर कळले, की ट्रॉलीवरून पडणाऱ्यांनी आधी हरकत नोंदवून मग पडावे असा त्यांचा सल्ला होता. बापू सानपांनी खालून त्यांना विचारले, की फी किती घेणार. त्यावर ते आत जाऊन बसले.

जेवणासाठी अर्धा तास थांबलो. सुलभाबाईंनी भाकरी आणि ठेचा आणला होता. टेबलावरचे फॉर्म बाजूला सारून आम्ही जेवलो. वैमानिकाच्या खिडकीत अश्लेषाचे डोके दिसत होते. सुलभाबाई अधूनमधून तिकडे बघत आणि पुन्हा यादीकडे. नवरा गेल्यावर एकटीने वाढवलेली मुलगी, एवढे त्यांनी मला सांगितले. मग विचारले, "साहेब, तुमचं कुणी कधी होतं का असं, विमानात?"

"माझी बायको होती. ती कंपनी संघाची सभासद नव्हती."

त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. मी ती खाल्ली. मग त्यांनी पुढचे नाव पुकारले.

सव्वापाचला स्लॅबवरून पडणारे अठ्ठावन्न आणि ट्रॉलीवरून पडणारे सत्तावीस जण झाले. उरलेले दहा फूट, आणि दोन माणसे. त्यांतले एक केशव आबा, वय एक्क्याण्णव. ते तीन वर्षे अंथरुणावर आहेत. चौघांनी त्यांची बाज उचलून शाळेसमोर आणून ठेवली. बाजेची उंची फूटभर भरली. आबांनी अंगठा उठवला आणि म्हणाले, "कुणी धरू नका रे मला." आणि कुशीवर वळून पडले. विमान एक फूट खाली आले.

आता नऊ फूट उरले होते. सूर्यास्त सहा अकराला होता. पावणेसहा झाले होते.

सुलभाबाईंनी स्वतःचा फॉर्म काढला आणि चष्मा डोळ्यांना लावला. त्या सही करणार तेवढ्यात हुपरीकर खाकरले. त्यांनी मला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच विचारले, की वैमानिकाच्या कागदांत वारस म्हणून कुणाचे नाव आहे. कागद माझ्या पिशवीत होते. नाव सुलभाबाईंचे होते.

"नियम सतरा," हुपरीकर म्हणाले. "विमानातल्या माणसाच्या वारसाला वाटा घेता येत नाही. मला हे बोलायला आवडत नाही, उपळेकर. पण एक वाटा चुकीचा ठरला तर सगळं वाटप रद्द होतं. विमान परत सहाशे चाळीसवर जाईल. आणि ही माणसं काही पुन्हा पडू शकत नाहीत."

मी नियम वाचला. ते खरे बोलत होते.  

सुलभाबाईंनी विचारले, "वारस बदलता येतो का?"

"येतो. वैमानिकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यावा लागतो."

त्या शिडी चढून स्लॅबवर गेल्या. विमान आता एवढे खाली होते, की स्लॅबवर उभ्या असलेल्या बाई आणि खिडकीतली त्यांची मुलगी समोरासमोर आल्या. मध्ये वीसएक पावलांचे अंतर होते. अश्लेषाने खिडकीची काच सरकवली.

"आशू, माझं नाव काढ."

"नाही."

"काढ म्हणते ना."

"आई नको म्हणून लिहून देऊ? तीन दिवस नुसती तुला वरून बघतेय मी. नाही लिहायची."

"मी एकोणीस वर्षं वारसाचे फॉर्म भरतेय बाई. त्यानं कोण कुणाचं कमी होत नसतं. काढ. दिवस चाललाय."

 अश्लेषाने मला विचारले, "जागा रिकामी सोडता येते का?"

मी म्हणालो, "येत नाही. दुसरं नाव लिहावं लागतं."

"कुणाचं लिहू?"

हा प्रश्न सोपा नव्हता. वारस सज्ञान आणि अर्ज भरताना तिथे हजर असावा लागतो. गावातल्या सगळ्यांनी वाटे घेतले होते. त्यांच्यापैकी कुणी वारस झाला असता, तर त्याचा वाटा बाद ठरला असता. विमानातल्या कुणालाच वारस होता येत नाही. हुपरीकर सभासद कंपनीचे होते, तिने वाटा घेतलेला होता. हुपरीकरांनी यादी खालपर्यंत पाहिली, नियमपुस्तक मागून घेतले आणि दोन पाने मागेपुढे केली.

"मग उपळेकरच उरतात," ते म्हणाले. "अधिकाऱ्याने वारस होऊ नये, असं कुठे म्हटलेलं नाही."

नवा अर्ज चिंचा पाडायच्या काठीच्या बेचक्यात अडकवून खिडकीपर्यंत पोहोचवला. अश्लेषाने तो मांडीवर ठेवून लिहायला घेतला. माझे पूर्ण नाव विचारले, वय विचारले, पत्ता विचारला. मी खालून सांगत गेलो. मग ती थांबली.

"नातं काय लिहू?"

तो रकानाही रिकामा चालत नाही, हे मी तिला सांगितले. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिले, मग आईकडे, आणि काहीतरी लिहिले. काठी खाली आली. नात्याच्या रकान्यात लिहिले होते, गावाकडचे. मी सोलापूरचा आहे आणि वाघझरीला त्या दिवशी पहिल्यांदाच गेलो होतो. मी कागद हुपरीकरांकडे दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदार म्हणून सही केली.

सुलभाबाईंनी स्लॅबवरच गुडघ्यावर फॉर्म ठेवून आपली सही केली आणि तो खाली सोडला. सहा वाजून चार मिनिटे झाली होती. त्या कडेला आल्या आणि मुलीकडे तोंड करून पडल्या.

विमान धसकटांवर टेकले. प्रवासी एकेक करून उतरले. वकिलांनी उरलेल्या दोन दिवसांचाही दाखला मागितला, तो मी तिथेच लिहून दिला. अश्लेषा सगळ्यांत शेवटी उतरली. तोवर तिची आई कडब्यातून उठून बसली होती. मुलीने तिच्या केसांतला कडबा काढला. त्याला बराच वेळ लागला. हुपरीकर टेप गुंडाळत उभे होते. मी प्रकरण बंद केल्याचा कागद नव्याने लिहिला आणि त्यात जमिनीपासूनची उंची घातली. तो रकाना आता तसाच छापतात.

वारस बदलण्याचा अर्ज वर्षातून एकदाच करता येतो. या जानेवारीत मुदत संपली, तेव्हा मी अश्लेषाला कोरा अर्ज तिच्या घरच्या पत्त्यावर, वाघझरीला पाठवला. आठ दिवसांनी तो परत आला. पाकिटावर पोस्टाचा शेरा होता, घेण्यास नकार, आणि खाली सुलभाबाईंची सही. मी तो फाइलला लावला.

नियम बावीसप्रमाणे प्रत्येक फेरीनंतर विमान सुखरूप उतरल्याचे वारसाला कळवावे लागते. मांजरा हवाई सेवेचे विमान दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले आहे. दिवसाला दोन फेऱ्या असतात, कधी तीन. कार्यालयातला फोन वाजतो.

"उतरले," ती म्हणते.

"बरं," मी म्हणतो आणि वेळ लिहून घेतो.

रविवारी कार्यालय बंद असते, म्हणून तिला घरचा नंबर दिला आहे. रविवारची शेवटची फेरी चार चाळीसला उतरते. तोवर मी कुठे जात नाही.